३०० चा फायबर, ९४ चा वेग: फसवणूक नेमकी कुठे होते

घरी फायबर, म्हणजे काचेच्या तारेवरचं इंटरनेट, बसतो आणि स्पीड टेस्टचा आकडा ९३-९४ वर अडून बसतो. सकाळी ९४, दुपारी ९४, रात्री २ वाजता सगळं जग झोपलेलं असतानाही ९४. प्लॅन मात्र ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला ३०० मेगाबिट), आणि पैसेही ३०० चेच घेतलेले. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "लाइनवर लोड आहे, होईल हळूहळू." लोड असता तर आकडा वर-खाली झाला असता. रोज एकाच ठिकाणी टेकणारा वेग याचा अर्थ वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचं दार बसवलंय. १४६० बाइट डेटा पाठवायला तारेवर १५३८ बाइटची जागा खर्च होते, म्हणून १०० च्या पोर्टमधून टेस्टला ९४-९५ च दिसतात.

ते दार बऱ्याचदा एका प्लगमध्ये सापडतं. ओएनटी, म्हणजे फायबर ज्या डब्यात येऊन संपतो तो, आणि राउटर यांच्यामधली लॅन केबल काढा आणि तिचा आरजे-४५ प्लग उजेडात धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून तारा मोजता येतात. रंगीत तारा आठ हव्यात. स्वस्तातल्या केबलमध्ये चारच असतात: १, २, ३ आणि ६ या खाचा भरलेल्या, बाकी चार रिकाम्या. चार तारांवर १०० मेगाबिट चालतं, गिगाबिटला आठही लागतात. कधी तारा आठ असतात पण निळी किंवा तपकिरी नीट क्रिंप झालेली नसते. तेव्हाही बहुतेक पोर्ट गुपचूप १०० वर उतरतात आणि कुठलाही लाल दिवा लागत नाही. केबल ठीक असेल तर "फुकट" मिळालेला राउटर उलटा करून मॉडेल नंबर शोधा आणि त्याची माहिती नेटवर बघा. त्याच्या पोर्टपुढे १०/१०० लिहिलं असेल तर कितीही मोठा प्लॅन घ्या, ९४ च पदरात पडणार.

हे झालं लाइन बसल्यावरचं. खरं पाणी मुरतं त्याआधी, जुन्या लाइनच्या बदनामीत. विक्रीला आलेला माणूस बोलत बोलत आतल्या खोलीत जातो, फोनवर टेस्ट लावतो आणि ३५ दाखवतो. "बघा, तुमची लाइन मेलीय." त्यानं मोजलेली असते दोन भिंतींपलीकडची २.४ गिगाहर्ट्झची वाय-फाय. जुन्या (वाय-फाय ४) राउटरवर एका अँटेनाच्या फोनला २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर लिंक स्पीडच, म्हणजे फोन आणि राउटरमधला वेगच, ७२ मिळतो आणि त्यातला हाती येतो साधारण अर्धा. फायबर आल्यावर भिंती तिथेच, फोन तोच, आकडाही तोच. मग दुसरा सौदा पुढे येतो, घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या "मेश" डब्यांचा.

म्हणून जुनी लाइन आपण मोजायची. लॅपटॉप राउटरला केबलनं जोडा, लॅपटॉपची वाय-फाय बंद करा, घरातली बाकीची उपकरणं नेटवरून काढा. आठवडाभर दिवसातून तीनदा टेस्ट घ्या: सकाळी, दुपारी आणि रात्री ९ ते ११ मध्ये. डाउनलोड, अपलोड, पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) असे तिन्ही आकडे वहीत लिहा. डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, असेल तर मोडेमच्या पानावर डाउनस्ट्रीम रेटही (लाइन खाली आणू शकते तो वेग) दिसतो. एडीएसएल या जुन्या प्रकारात त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास टेस्टला आलं तर लाइन आपलं काम चोख करतेय.

मग गरज मोजा. ४के चित्रासाठी नेटफ्लिक्स स्वतःच १५ एमबीपीएस सांगतं. चांगल्या व्हिडिओ कॉलला ४ पुरतात. तीन पडद्यांवर ४के आणि दोन कॉल एकाच वेळी धरले तरी ५३ होतात. केबलवर रात्रीही ८० देणारी लाइन असलेल्या घराला ३०० चा फायबर पाहण्यात काडीचा फरक दाखवणार नाही. फरक पडतो अपलोडमध्ये: एडीएसएलवर तो १ एमबीपीएसच्या घरात असतो, आणि मोठ्या फाइली वर चढवणाऱ्याला फायबर त्यासाठीच घ्यावासा वाटला पाहिजे. नेमका हाच आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

नव्या लाइनचा अंदाज बांधताना पहिला प्रश्न: काचेची तार घराच्या आत येते की नाही? इमारतीपर्यंत फायबर आणि पुढे लॅन केबल, यालाही "फायबर"च म्हणून गळ्यात मारतात. रस्त्यावरच्या पेटीपर्यंत फायबर आणि पुढे तांब्याची टेलिफोन तार असेल तर अंतर मोजा. व्हीडीएसएल, म्हणजे या तांब्यावरची वेगवान डीएसएल, पेटीच्या जवळ १०० देईल, १ किलोमीटरवर त्याचा दम गेलेला असतो.

खरा फायबर आला तरी तो एकट्याचा नसतो. जीपॉन या घरगुती फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत एका धाग्यावर खाली येणारे २.४८८ गिगाबिट असतात आणि स्प्लिटर (धागा फोडणारी डबी) ते ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. सगळे एकाच क्षणी तुटून पडले तर ३२ घरांत प्रत्येकी जेमतेम ७७ मेगाबिट येतात. असं क्वचित होतं, त्यामुळे स्प्लिटरला फार घाबरू नका. घाबरायचं ते त्याच्या मागच्या दुव्याला. १ गिगाबिटचा अपलिंक (कंपनीची बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी लाइन) घेऊन शेकडो घरांना ३०० विकणाराही असतो, आणि हे सर्वांत सहज लपतं.

कारण डेमो. स्पीडटेस्ट ॲप जवळचा सर्व्हर आपोआप निवडतं, आणि जवळचा म्हणजे बऱ्याचदा त्याच कंपनीच्या खोलीतला. २९८ दिसतात ते खोटे नसतात. फक्त ते त्या खोलीपर्यंतचे असतात. "फास्ट डॉट कॉम"वर विसंबू नका: नेटफ्लिक्सचे सर्व्हरही पुष्कळ कंपन्या आपल्याच जाळ्यात ठेवतात. ॲपमध्ये दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हातानं निवडा, जोडणी "सिंगल" करा, आणि रात्री ९ नंतर पाहा. जोडीला एखाद्या नावाजलेल्या साइटवरून ५ जीबीची फाइल उतरवा. ३०० वर तिला सव्वादोन-अडीच मिनिटं लागायला हवीत, ९४ वर सात लागतात. (ब्राउझर मेगाबाइट दाखवतो, ३०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ३७.५ मेगाबाइट. ३६ पाहून भांडायला गेलेले फसलेले नसतात.)

विकत घेण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: अपलोडचा वेग, डेटा मर्यादा ओलांडल्यावर उरणारा वेग, राउटरचं मॉडेल, आणि गर्दीच्या वेळी केबलवर किमान किती मिळेल. "३०० पर्यंत" यातल्या "पर्यंत"मध्ये ३ सुद्धा बसतात. चौथ्या प्रश्नावर जो तोंडी "काळजी करू नका" म्हणतो, त्याच्या बाबतीत नक्की काळजी करा.

बसवायला आलेल्या माणसासमोरच ओएनटीचं पान उघडायला सांगा. आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या पलीकडे लाइन हळूहळू मंद होत नाही, ती तुटते-जुळते. बहुतेक वेळा कारण दारामागे चिमटलेली वायर किंवा हिरव्या कनेक्टरला जोडलेला निळा कनेक्टर असतं. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं, निळ्याचं जवळपास सपाट. दोघं नीट टेकत नाहीत. मग लॅपटॉपवर इथरनेटचा लिंक स्पीड १००० दिसतो का ते बघा. १०० दिसला तर काम पूर्ण झाल्याची सही करू नका, केबल आधी बदलून घ्या.

पहिला प्लॅन एका महिन्याचाच घ्या. वर्षभराचे पैसे आगाऊ भरल्यावर तक्रारीला धार राहत नाही. जुनी लाइन तोवर चालू ठेवा. "बंद करायचा अर्ज आम्हीच भरून देतो" म्हणत त्याच दिवशी एक कागद पुढे येतो. तो न भरता परत करा.