घरात वायरचं नेटवर्क: पैसा कुठे लावायचा, कुठे वाचवायचा

राऊटर खाली हॉलमध्ये, कॉम्प्युटर वरच्या खोलीत आणि मधे जाड स्लॅब, नागपुरात मजल्यावर मजला चढवलेल्या घरांमधे वायफायचं हेच रडगाणं असतं. मेशचं, म्हणजे घरभर वायफाय पोचवणाऱ्या दोन-तीन जोडलेल्या डब्यांचं, बजेट नसेल तर एक केबल वर नेणं सगळ्यात पक्कं. पण सीताबर्डीच्या बाजारात दुकानात गेलं की लोक कॅट फाइव्ह ई घेऊ का कॅट सिक्स (नेटवर्क केबलचे दोन दर्जे) यातच अडकतात आणि आतली तार कशाची आहे हे विचारायचंच राहून जातं.

आधी ते कॅटचं बघू. दोन्हींवर 1 गिगाबिटचा स्पीड (सेकंदाला, म्हणजे 1000 एमबीपीएस) 100 मीटरपर्यंत आरामात चालतं, घरात तर 20-25 मीटरच्या वर क्वचितच लागते. कॅट सिक्सवर 10 गिगाबिटही साधारण 55 मीटरपर्यंत जातं, पण त्यासाठी स्विचपासून (एका केबलवरून अनेक उपकरणं जोडणारा डबा) कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डापर्यंत सगळंच तसलं महागडं लागेल, म्हणजे आपल्या बजेटच्या बाहेर. भिंतीवरून पट्टीतून न्यायची असेल तर फाइव्ह ई घ्या. भिंत फोडून आत पाइप टाकताय तर मात्र सिक्स घ्या, तिथे पुन्हा कोण फोडाफोडी करणार.

आता तार. स्वस्त केबलवर बरेचदा सीसीए लिहिलेलं असतं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर नका घेऊ. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, चार वेळा वाकवली की तुटते, आणि पुढे त्याच केबलवरून कॅमेऱ्याला पॉवर द्यायची म्हटली तर ती गरम होते. सीसीएच्या कॅट सिक्सपेक्षा शुद्ध तांब्याची फाइव्ह ई कधीही घ्यावी, अगदी मनापासून सांगतो.

स्विचमधे 100 एमबीपीएसवाला स्वस्त पडतो आणि नेटचा प्लॅन तेवढाच असेल तर नेटला फरक पडत नाही. पण घरातल्या घरात 10 जीबीची फाइल टाकायची तर त्यावर तेरा-चौदा मिनिटं जातात, गिगाबिटवर दीड-दोन मिनिटांत काम होतं, डिस्क तेवढी फास्ट असली तर. त्यामुळे पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विचच घ्या, फक्त राऊटरचे पोर्ट गिगाबिट आहेत का ते आधी बघा.

क्रिंपिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. 100 एमबीपीएसला चारच तारा लागतात पण गिगाबिटला आठही लागतात, म्हणून उरलेल्या चारांपैकी एखादी नीट बसली नाही तर बरेचदा नेट चालू राहतं आणि स्पीड मात्र गुपचूप 100 वर येतो. कनेक्शनच्या स्टेटसमधे 1 जीबीपीएस दिसतंय ना, ते बघूनच पट्टी बंद करा.

केबल बाहेरून गच्चीवरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची आउटडोअरच घ्या, आपल्या 45 डिग्रीच्या उन्हात घरातल्या केबलचं कव्हर कडक होऊन तडकतं. आणि कूलरच्या खिडकीतून तर आणूच नका, तिथे पाणीही असतं आणि मोटरची लाइनही.