पडलेल्या मांजरासाठी जळगावातला एक दवाखाना: दिवसा चोख, रात्री लंगडा

उन्हाळ्यात खानदेशातली माणसं गच्चीवर झोपतात आणि मांजरं कठड्यावर. जळगावातल्या या दवाखान्याची जमेची बाजू म्हणजे पडलेलं मांजर आलं की त्याला लगेच एक्स-रेच्या टेबलावर आडवं पाडत नाहीत.

चार पायांवर उतरलं म्हणजे वाचलं, असं नसतं. पाय टेकल्यावर छाती आणि हनुवटी आपटते. फुफ्फुसाबाहेर हवा साठते, टाळू मधोमध चिरते, खालचा जबडा हनुवटीपाशी दुभंगतो. तोंड उघडून धापा टाकणाऱ्या मांजराला फोटोसाठी दाबून धरलं तर ते तिथेच दगावू शकतं. इथे आधी ऑक्सिजन आणि वेदनेसाठी ब्युटॉर्फेनॉल. तरी श्वास उथळच राहिला तर सातव्या ते नवव्या बरगडीच्या मधल्या जागेत बटरफ्लाय सुई (प्लास्टिकचे पंख आणि नळी असलेली बारीक सुई) घालून साठलेली हवा बाहेर ओढतात. सुई बरगडीच्या पुढच्या कडेला लागून, कारण मागच्या कडेने रक्तवाहिनी जाते. सलाईनही हात राखून: किलोमागे 5 ते 10 मिली, पंधरा-वीस मिनिटांत, मग पुन्हा तपासणी. मुका मार बसलेलं फुफ्फुस जादा पाण्याने आणखी ओलं होतं.

हाडांची घाई नाही, ती दोन दिवसांनी. जबड्याला तार घालतात. टाळूची अरुंद चीर बहुधा आपोआप भरते. लघवी झाली तरी सोनोग्राफी करतात, हे विशेष आवडलं, कारण फाटलेल्या मूत्राशयातूनही थोडी लघवी होतेच.

उंचावरून पडलेल्या मांजरांवरच्या न्यूयॉर्कच्या 1987 च्या अभ्यासात उपचार मिळालेली 90 टक्के मांजरं वाचली, असं सगळे सांगतात. जागीच गेलेली त्यात मोजलीच नव्हती!

आता तक्रार. रात्री इथे कुणी थांबत नाही, आणि फुफ्फुसाचा मार तर पहिल्या 24 ते 48 तासांत वाढतो. संध्याकाळी आलेलं मांजर टोपलीत घालून घरी पाठवतात. चिठ्ठीवर औषधं असतात, पण क्रोसिनची मनाई लिहिलेली नसते. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साठते, तेही कुणी सांगत नाही. त्यामुळे निघताना स्वतःच विचारून घ्या, आणि रात्री झोपलेल्या मांजराचे श्वास मोजा: मिनिटाला 40 च्या वर गेले तर उजाडायची वाट पाहू नका.