आई-बाबा आलेत, हातात दोनच दिवस आहेत: गेटिसबर्ग की माँटगमेरी-सेल्मा?

नायगारा झाला. लिबर्टी झाली. व्हाइट हाउससमोर कुंपणाला टेकून फोटोही झाला. मग एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "हे सगळं छान आहे रे, पण गुलामगिरीवरून या देशात जे रण माजलं, ते कुठे?" बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तोंडी परीक्षा घ्यायची सवय काही जात नाही.

अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. उत्तरं बरीच आहेत, पण फिरून फिरून गाडी दोनांवर येते. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत पेटलेलं यादवी युद्ध बघायचं तर पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग. ते युद्ध संपल्यावर शंभर वर्षांनीही कृष्णवर्णीयांना जे हक्क मिळाले नव्हते त्यांसाठीचा लढा बघायचा तर अलाबामा, म्हणजे माँटगमेरी आणि सेल्मा. आम्ही एका वर्षी पहिलं केलं, पुढच्या वर्षी दुसरं. हल्ली ओळखीचे लोक विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

अंतराचा हिशेब आधी उरकू. न्यू जर्सीहून गेटिसबर्ग तीन-साडेतीन तास. सकाळी पोहे खाऊन निघालात तर जेवणाच्या वेळेला तिथे. अलाबामासाठी अटलांटापर्यंत विमान, तिथून भाड्याची गाडी, अडीच तासांवर माँटगमेरी, आणि सेल्मा पुढे आणखी तासभर. खर्च आणि दगदग या दोन्हींत गेटिसबर्ग उजवं, त्यात वाद नाही.

आणि गेटिसबर्ग सुंदर आहे, हेही कबूल. हिरव्या टेकड्या, दगडी बांध, लाकडी कुंपणं. इथे तीन दिवसांत, १ ते ३ जुलै १८६३, दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० लोक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले, हे डोळ्यांना खरं वाटत नाही. परवानाधारक गाइड मिळतात. ते आपल्याच गाडीत बसून, चाक हातात घेऊन दोन तास फिरवतात. आमचा गाइड उत्तम होता. कुठली ब्रिगेड कुठे वळली, लिटल राउंड टॉप टेकडीवर मेन राज्याच्या पलटणीकडच्या गोळ्या संपत आल्यावर तिने संगिनी लावून उतारावरून कशी धाव घेतली, हे तो असं सांगत होता की माझी तेरा वर्षांची मुलगी मोबाइल विसरली. ३ जुलैच्या दुपारी साडेबारा हजारांच्या आसपास दक्षिणी सैनिक ज्या मोकळ्या रानातून चालत गेले, ते जवळजवळ मैलभराचं रान आम्ही दोघं चाललो. मधे रस्त्याच्या कुंपणापाशी ती थांबली आणि म्हणाली, "इथे लपायला काहीच नाहीये." पिकेट या दक्षिणी सेनापतीच्या त्या हल्ल्याबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही. गेटिसबर्गला गेलात तर निदान एवढं पायी करा.

आता माझं रडगाणं. रणांगणावर स्मारकं आणि खुणेचे दगड मिळून तेराशेच्या वर आहेत. गाडी दर मिनिटाला थांबते. खाली उतरायचं, दगड वाचायचा, पुन्हा बसायचं. दगडावर काय? अमुक राज्याची तमुक पायदळ पलटण, किती गेले, किती उरले. काही दगड तर गुडघ्याएवढे, त्यांवर फक्त दोन अक्षरं: पलटणीची रांग उजवीकडे इथे संपली, डावीकडे तिथे संपली. कोण कुठे उभं होतं याचा इतका चोख हिशेब मी दुसरीकडे पाहिला नाही. पण उभं कशासाठी होतं? दुपारपर्यंत आम्ही पन्नास तरी दगड वाचले असतील, एकावरही गुलाम हा शब्द दिसला नाही. कुठे असेलही, आम्हाला दिसला नाही एवढंच म्हणतो. ऊन रणरणत होतं. आईने पहिल्या चार थांब्यांनंतर उतरणंच सोडलं. एसी लावून गाडीत बसली आणि दर वेळी, "तुम्ही या बघून."

शेवटी बाबांनी गाइडला विचारलं, मला दुभाषा करून. "जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून. मग ते गुलाम इथे कुठे आहेत?" फुले कोण हे गाइडला समजावण्यात पाच मिनिटं गेली. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग त्याने गाडी वळवली आणि सेमेटरी रिजवर एका छोट्या पांढऱ्या लाकडी घरासमोर उभी केली. सकाळपासून आम्ही त्या घरावरून दोनदा गेलो होतो. मला ते अवजारं ठेवायचं खोपट वाटलं होतं.

ते एब्राहम ब्रायनचं घर. ब्रायन गुलाम नव्हता, बारा एकरांचा मालक असलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी होता. पण दक्षिणेचा सेनापती ली याचं सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर वाटेत सापडतील त्या काळ्या माणसांना, गुलाम असोत की स्वतंत्र, धरून दक्षिणेकडे पाठवत होतं. म्हणून ब्रायन लढाईआधीच बायकामुलांना घेऊन पळाला. परत आला तेव्हा पीक तुडवलेलं, कुंपण मोडलेलं, भिंतींना गोळ्यांची भोकं. त्याने सरकारकडे १,०२८ डॉलरची भरपाई मागितली. मिळाले १५.

बाबा त्या घराच्या पायरीपाशी बराच वेळ उभे होते. आई गाडीत झोपली होती.

खरं सांगायचं तर माझा कौल तिथेच लागला. ज्या एका घरात सगळ्या युद्धाचं कारण सापडत होतं, तिथे पोचायला आम्हाला तीन तास, एक गाइड आणि सातारचा एक मास्तर लागला. गेटिसबर्गच्या बाजूने हेही सांगायला हवं की तिथल्या म्युझियममध्ये गुलामगिरीचा विषय नीट मांडलाय. शिवाय राष्ट्रीय दफनभूमी आहे, जिथे १९ नोव्हेंबर १८६३ ला लिंकन दोनेक मिनिटं बोलला आणि त्याच्या आधीचा वक्ता दोन तास. म्युझियम आधी करा आणि रणांगण नंतर, म्हणजे आमच्यासारखं होणार नाही. तरी तिथे भूगोल एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे राहतो, असं आपलं माझं मत.

माँटगमेरीत हे उलटं आहे. तिथे डेक्स्टर अव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे, पायी दहा-बारा मिनिटांचा. एका टोकाला कोर्ट स्क्वेअरचं कारंजं. याच चौकात माणसांचे लिलाव व्हायचे. चौकातल्याच एका इमारतीतून एप्रिल १८६१ मध्ये ती तार गेली जिच्यामुळे फोर्ट समटर या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि युद्ध पेटलं. आणि याच चौकात १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या, आणि गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली. पुढे ३८१ दिवस शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. रस्ता चढत जातो तसं उजव्या हाताला लाल विटांचं चर्च लागतं, मार्टिन ल्यूथर किंग जिथे पाद्री होते ते. वरच्या टोकाला कॅपिटॉल. तिथल्या पायरीवर एक पितळी चांदणी बसवलीय, १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिसने कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेचा, अध्यक्ष म्हणून शपथ घेतली ती जागा. १९६५ चा सेल्माहून निघालेला मोर्चा येऊन थांबला तोही इथेच, कॅपिटॉलसमोर. बाबांना खडू-फळ्याशिवाय शंभर वर्षांचा धडा मिळाला. परतताना उताराला तेच बोलत होते, मी नुसता ऐकत होतो.

तिथलं झुंडबळींचं स्मारक मात्र लहान मुलांना दाखवावं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. २०१८ साली उघडलेलं हे आवार टेकडीवर आहे. गंजलेल्या रंगाचे आठशेवर पोलादी खांब, एकेक खांब एकेका काउंटीचा, त्यावर तिथे झुंडीने मारलेल्या कृष्णवर्णीयांची नावं. सुरुवातीला खांब आपल्या उंचीचे, समोरासमोर. पुढे पायाखालची जमीन उतरत जाते आणि तेच खांब डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. खालच्या भिंतीवर कुणाला कशासाठी मारलं याच्या छोट्या पाट्या आहेत. १९४० साली अलाबामातल्या ल्यूव्हर्न गावात एकाला मारलं, कारण त्याने गोऱ्या पोलिसाला 'मिस्टर' न म्हणता नावाने हाक मारली. मी ते मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे जोहार घातला नाही." आणि पुढच्या पाटीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सेल्मा. वाटेत हायवे ८० लाउन्ड्स काउंटीतून जातो. इथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. सेल्मातला एडमंड पेटस पूल फोटोत साधा पोलादी पूल दिसतो. त्याची गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर, चालल्याशिवाय कळत नाही. पूल मधोमध उंच आहे. गावाकडून चढायला लागलं की पलीकडचा किनारा दिसतच नाही, समोर फक्त चढ आणि आभाळ. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेली सहाशे माणसं दोन-दोनच्या रांगेत हा चढ चढली. पुढे होसिया विल्यम्स आणि पंचवीस वर्षांचे जॉन लुईस. माथ्यावर पोचल्यावरच त्यांना खाली काठ्या घेऊन आडवे उभे राहिलेले पोलीस दिसले. लुईस यांची कवटी फुटली. दोन आठवड्यांनी लोक पुन्हा निघाले, ५४ मैल चालून माँटगमेरीला पोचले, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

पुलावर नाव अजून तेच आहे, कॉन्फेडरेट सेनापती पेटसचं, भल्या मोठ्या अक्षरांत. यादवी युद्ध बघायला गेटिसबर्गच गाठायला हवं असं नाही, ते इथेही कमानीवर लिहिलेलं आहे.

आणि आई चालली. गुडघ्यांचं कारण न सांगता, कठड्याला धरत, माथ्यापर्यंत. तिथे थांबून खालची नदी बघितली, समोरचा उतार बघितला, म्हणाली, "इथून मागे फिरता आलं असतं त्यांना."

तक्रारी अलाबामाच्याही आहेत. सेल्मात अर्ध्या दुकानांना फळ्या ठोकलेल्या. २०२३ च्या वादळाने उरलंसुरलंही झोडपलं. शाकाहारी माणसाला तिथे फ्रेंच फ्राइजवर दिवस काढावा लागतो, तेव्हा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. माँटगमेरीतलं ते स्मारक आणि त्याचं म्युझियम आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी दिवस बघून घ्या, नंतर नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये मुळीच जाऊ नका, मार्च बरा. अलाबामात शिरताना घड्याळ तासभर मागे जातं. परतीला तोच तास कापला जातो आणि विमान चुकायची वेळ येते, आमच्यावर आली होती.

तुमच्या घरात लढायांचा नाद असलेला मुलगा असेल, किंवा एकच दिवस मोकळा असेल, तर गेटिसबर्गला जा, पस्तावणार नाही. दोन दिवस आणि विमानाचे पैसे असतील तर मी, मला विचाराल तर, अलाबामाच्या बाजूने. सेल्मात गाडी ब्राउन चॅपल चर्चजवळ लावा आणि पूल गावाकडून चढा. पलीकडे गाडी लावून उलट चाललात तर तो चढ कळेल, पण त्यांना काय दिसत नव्हतं ते कळणार नाही.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येताहेत. कुठे जायचं म्हणून फोनवर विचारलं. मला वाटलं मेम्फिस म्हणतील, किंवा बर्मिंगहॅम. म्हणाले, "गेटिसबर्ग. ते ब्रायनचं घर तुझ्या आईला दाखवायचं राहिलंय."