धरमपेठेतलं सिम रेसिंग सेंटर: यलोबर्ड चालवायची असेल तर नक्की जा

सिम रेसिंग म्हणजे खऱ्यासारखी सीट, स्टीअरिंग, पेडल लावून स्क्रीनवर गाडी चालवायची, आणि या सेंटरला मी पाचपैकी साडेचार देऊन राहिलो. अर्धा का कापला ते खाली सांगतो, पण जुन्या स्पोर्ट्स कार आवडत असतील तर नागपुरात याच्याइतकी भारी जागा मी तरी पाहिली नाही.

इथे फेरारी आहे, मॅक्लारेन आहे, बहुतेक पोरं येऊन तेच मागतात. माझं म्हणणं एवढंच की असेटो कोर्सा या रेसिंग गेमच्या गाड्यांच्या लिस्टमध्ये खाली जा, रूफ सीटीआर यलोबर्ड ही १९८७ ची जर्मन स्पोर्ट्स कार निवडा आणि ट्रॅक घ्या जर्मनीचा नॉर्डश्लाइफ. कारण इथल्या रिगला, म्हणजे सीट-स्टीअरिंगच्या सेटला, डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग आहे, म्हणजे थेट मोटरवर बसवलेलं, कडक ब्रेक आहे आणि मुख्य म्हणजे क्लचचं तिसरं पेडल आणि वेगळा एच पॅटर्नचा, म्हणजे साध्या गाडीत असतो तसा हाताने टाकायचा गियर लिव्हर आहे. मी बाकी जिथे जिथे बसलो तिथे स्टीअरिंगमागचं पॅडल दाबलं की झालं, आणि तशी यलोबर्ड चालवण्यात काही अर्थ नाही, काहून ते पुढे येतं.

गाडी दिसते जुन्या पोर्शे ९११ सारखी, पण कागदावर ती पोर्शे नाही. बव्हेरियात फाफेनहाउझेन नावाचं लहान गाव आहे, तिथे १९३९ पासून रूफ कुटुंबाचं गॅरेज, वडील गेल्यावर १९७४ मध्ये अलॉइस रूफने ते हातात घेतलं आणि पोर्शेवर काम करत करत १९८१ मध्ये जर्मन सरकारकडून गाडी बनवणारी कंपनी म्हणून मान्यताच मिळवली. म्हणजे पोर्शेकडून कोरी बॉडी आणायची, गाडी स्वतः उभी करायची आणि चॅसिस नंबर रूफचा. तयार गाडीची पॉवर वाढवून देणारे ट्यूनर जगात पुष्कळ, पण हे काम वेगळं आहे आणि मला त्याचा खूप आदर आहे.

१९८७ च्या या सीटीआरचं नाव निघालं की लोक ४६९ हॉर्सपॉवरवरच अडकतात. मला विचाराल तर खरी कमाल त्यामागच्या विचाराची. त्या वेळी पोर्शेची स्वतःची टर्बो रुंद बॉडीची होती, मागच्या चाकांवर फुगलेले फेंडर, आणि गियर फक्त चार. रूफने ती घेतलीच नाही. साध्या कॅरेराची अरुंद बॉडी घेतली कारण तिला हवा कमी अडते, छताच्या कडेच्या पन्हाळी घासून सपाट केल्या, दारं ॲल्युमिनियमची लावली, वजन ११५० किलोच्या आसपास ठेवलं, मागच्या फेंडरवर इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) हवा द्यायला खाचा पाडल्या, ३.४ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनला जास्त हवा कोंबणारे दोन टर्बो बसवले आणि गियरबॉक्स पाच स्पीडची, तीही स्वतःची. प्रत्येक गोष्ट एकमेकीला धरून आहे, कुठे दिखावा नाही.

त्याच वर्षी रोड अँड ट्रॅक या अमेरिकन मासिकाने फोक्सवॅगनच्या एहरा-लेसिन ट्रॅकवर जगातल्या सगळ्यात फास्ट गाड्या जमवल्या, चालवायला फिल हिल आणि पॉल फ्रेर, म्हणजे एक फॉर्म्युला वनचा चॅम्पियन आणि एक ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेला. समोर फेरारी, लॅम्बोर्गिनी आणि खुद्द पोर्शेची ९५९, जिच्यात फोर व्हील ड्राइव्ह आणि त्या काळचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स होतं. सगळ्यांना मागे टाकून रूफ गेली ताशी ३३९ किलोमीटर! यलोबर्ड हे नाव त्या टेस्टमध्येच पडलं. पुढच्या वर्षी इटलीत नार्दोच्या ट्रॅकवर ताशी ३४२ पण काढले.

आता सीटवर बसल्यावर काय होतं ते. खालच्या आरपीएमला गाडी एकदम शांत, मग टर्बो भरतात आणि स्टीअरिंग हातात हलकं पडायला लागतं. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे वळणात घाबरून गॅस सोडला की वजन पुढे सरकतं, मागच्या चाकांची पकड जाते आणि मागचा भाग बाहेर येतो, कॅरिअरवर गव्हाचं पोतं बांधलेली सायकल वळवताना होतं ना तसंच. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवायचा, गियर आधीच टाकून ठेवायचा आणि टर्बोला उशीर लागतो म्हणून गॅस थोडा लवकर द्यायचा. हे टायमिंग पायाने आणि हाताने जमवावं लागतं, त्यासाठीच क्लच आणि लिव्हर पाहिजे. रूफचा टेस्ट ड्रायव्हर स्टेफान रोझरचा याच ट्रॅकवरचा जुना व्हिडिओ जाण्याआधी पाहा, हेल्मेट नाही, पायात लोफर आणि पांढरे मोजे, आणि गाडी प्रत्येक वळणात आडवी. इथे थोडं चालवल्यावर तो माणूस काय करत होता ते खरं कळतं.

ट्रॅकही साधा नाही, २०.८ किलोमीटरचा एक लॅप, झाडीतून चढउतार, कारुसेलचं काँक्रीटचं वळण आलं की इथलं स्टीअरिंग मनगटं हलवून टाकतं. स्टीअरिंगची सेटिंग यांनी मनापासून केलीय हे तिथेच समजतं. चालवणारा भाऊ पण गाड्यांमधला जाणकार आहे, नवीन माणसाला घाई करत नाही, सीट आणि पेडलचं अंतर स्वतः जुळवून देतो.

अर्धा पॉइंट कापला तो दोन कारणांनी. एक, स्लॉट अर्ध्या तासाचा आणि या गाडीत नवीन माणसाला एका लॅपला नऊ-दहा मिनिटं सहज लागतात, म्हणजे हात बसायच्या आत वेळ संपते. लांब ट्रॅकसाठी पाऊण तासाचा स्लॉट ठेवायला पाहिजे. दुसरं, ऑटो क्लच (क्लच आपोआप दबतो) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू देत नाही) हे असिस्ट आधीपासून चालू करून ठेवतात, लहान पोरांसाठी ठीक आहे पण ज्याने यलोबर्ड मागितली त्याला निदान विचारा तरी. बसायच्या आधीच "भाऊ, सगळे असिस्ट बंद करून द्या" म्हणायचं, लगेच करून देतात.

शनिवार-रविवार संध्याकाळी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी जा आणि सलग दोन स्लॉट घ्या. भिंतीकडची रिग मागा, दारापाशीच्या रिगचा गियर लिव्हर ढिला आहे, तिसरा टाकताना अडकतो. त्यांना सांगून ठेवलं आहे.