फझ-फिल्टर पेडल म्हणून विकलेला डबा: झाडीपट्टीतल्या गिटारवाल्यांसाठी

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा शिजन सुरू होतो आणि त्याआधी आपण सगळेच सामान घेतो. नेमकं त्याच वेळी एक माणूस वडसा-ब्रह्मपुरीकडच्या गिटारवाल्यांना फोन करून जुनं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा पायानं दाबायचा डबा, विकतो आहे. माझे साडेआठ हजार त्यात गेले.

फझ, म्हणजे आवाज फाटका करणारा भाग, आणि फिल्टर, म्हणजे तार छेडण्याच्या जोरानुसार आवाज उघडणारा भाग, दोन्ही एकाच डब्यात, असं ते पेडल. खलनायकाच्या प्रवेशाला फाटका, खरखरीत सूर आणि त्यावर तार छेडली की उघडणारा 'वाव' मिळाला, तर शेवटच्या रांगेतला माणूसही सावरून बसतो. मला ते त्यासाठीच हवं होतं.

विकणारा अडाणी नाही. माएस्ट्रो कंपनीचं फझ-टोन १९६२ चं, म्यू-ट्रॉन थ्री हे फिल्टर १९७२ चं, फझमध्ये जुन्या पद्धतीचा, आताच्या सिलिकॉनऐवजी जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर असला तर गिटारचा व्हॉल्यूम कमी करताच आवाज कसा साफ होतो, हे सगळं त्यानं बरोबर सांगितलं, आणि या डब्यात जर्मेनियमच आहे असंही म्हणाला. व्हिडिओ पाठवला, त्यातला आवाज अप्रतिम होता. पण वाजवणाऱ्याचा हात आणि पेडल एकाच चौकटीत कुठेच दिसत नव्हते. पैसे मागितले ते वेगळ्याच नावाच्या यूपीआय खात्यावर. "भावाचं खातं आहे," म्हणाला.

कुरिअरनं डबा आला. जड, पत्र्याचा, नॉब छान. फझ वाजला, पण फिल्टर काही केल्या उघडेना. तार हळू छेडा की जोरात, आवाज तोच.

फोन केल्यावर त्यानं जी कारणं दिली, ती नीट वाचा, कारण तुम्हालाही तीच ऐकावी लागतील. पहिलं, अडॅप्टर उलटा लावला असेल. दुसरं, तुमच्याकडे ऊन फार, जर्मेनियम तापलं की बिघडतं. तिसरं, फझनं आवाज सपाट होतो, म्हणून फिल्टरला जोर कळत नाही. तिन्ही गोष्टी एरवी खऱ्या आहेत. काही जर्मेनियम फझना नेहमीच्या उलट, मध्यभागी धन (+) टोक असलेला अडॅप्टर लागतो. उष्णतेनं जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती, म्हणजे नको असलेला प्रवाह, वाढते आणि त्याचा बायस, म्हणजे ठरवून दिलेला व्होल्टेज, सरकतो. फझ सिग्नल दाबतो हेही खरं; पण म्हणूनच विचार करून बनवलेलं असं पेडल छेडण्याचा जोर फझच्या आधीच, गिटारच्या साफ सिग्नलवरून मोजतं. हे त्याला विचारलं तेव्हा त्यानं फोन कापला.

ब्रह्मपुरीला अँप दुरुस्त करणाऱ्या काकांनी मागचं झाकण उघडलं. सर्किटवर काळा इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट लेप, ओतलेला. तो खरवडल्यावर खाली साधे प्लॅस्टिकचे ट्रान्झिस्टर निघाले. मल्टीमीटर डायोड तपासायच्या सेटिंगवर ठेवून ते ट्रान्झिस्टर पाहिले तर ०.६ च्या वर व्होल्ट, म्हणजे साधे सिलिकॉनचे. जर्मेनियमला साधारण ०.२ ते ०.३ दिसतात. "भाऊ, याच्यात फिल्टर नाहीच ना जी," काका म्हणाले, "टोनचा पॉट लावून देल्ला नुसता." म्हणजे 'फिल्टर' लिहिलेला नॉब फक्त तिखटपणा कमी-जास्त करत होता. इपॉक्सी दिसला की प्रत्येक पेडल खोटंच, असं मी म्हणत नाही, काही चांगले कारागीरही नक्कल टाळायला तो ओततात. पण जर्मेनियमच्या नावाखाली जास्त पैसे मागणाऱ्याला तो झाकायचं काय कारण?

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक, चॅट, खात्यावरचं नाव, सगळ्याचे स्क्रीनशॉट जोडले. फोन जितका लवकर जाईल तितकी पैसे पुढे जाण्याआधी थांबवण्याची शक्यता जास्त. माझे अजून परत आलेले नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका ऑर्गनवाल्याला परवा तोच व्हिडिओ दुसऱ्या नंबरवरून आला. तुम्हाला आला तर चालू व्हिडिओ कॉलवर दोन गोष्टी करायला लावा: एकच तार आधी हळू, मग जोरात छेडायची, आणि मग स्क्रू काढून आतलं सर्किट दाखवायचं. कॉल नाही म्हणाला तर पैसे पाठवू नका, आणि तो नंबर आपल्या नाटक पार्टीतल्या सगळ्या वादकांना कळवा.