‘सीट माझ्याकडे आहे’ म्हणणाऱ्याला आम्ही पैसे दिले

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार, सकाळचे पावणेआठ. घरापासून ४० मैलांवरच्या एका हायस्कूलच्या दारात माझी मुलगी एसएटीसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेसाठी, लॅपटॉप, चार्जर आणि शाळेचं ओळखपत्र घेऊन उभी होती. दारातल्या बाईंनी यादी दोनदा पाहिली. आडनावाचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि तिसऱ्यांदा पाहिली. नाव नव्हतंच. आठला दारं बंद झाली. घरी येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही.

तिने एसएटी जूनमध्ये एकदा दिली होती, गुण थोडे वाढवायचे होते. दोन कॉलेजांची अर्ली ॲक्शनची, म्हणजे लवकर अर्ज करण्याची, मुदत १ नोव्हेंबर. ऑक्टोबरची परीक्षा द्यायची हे उन्हाळ्यातच ठरलं होतं, पण नोंदणी आज करू, उद्या करू यात राहून गेली. सप्टेंबरमध्ये पाहिलं तर जवळची सगळी केंद्रं भरलेली.

तेव्हा आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरून एका कन्सल्टंटचा नंबर मिळाला. बोलणं इतकं आपुलकीचं, की पहिल्याच फोनवर मी निर्धास्त झाले. “ताई, टेन्शन घेऊ नका, ऑक्टोबरच्या काही सीट माझ्याकडे राखीव असतात. नोव्हेंबरचा स्कोअर अर्लीला कुणीच घेत नाही, तेव्हा आत्ताच काय ते ठरवा.” परीक्षेची फी ६८ डॉलर, त्याने ६०० मागितले, तेही झेलवर, म्हणजे बँक खात्यातून थेट. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डवरच्या मुलीच्या खात्याचा पासवर्डही मागून घेतला. दोन दिवसांनी प्रवेशपत्राची पीडीएफ आली. नाव, केंद्र, तारीख, सगळं जागच्या जागी.

परीक्षेच्या आदल्या मंगळवारी मुलीने ब्लूबुक उघडलं. एसएटी आता याच ॲपवर होते, आधीची तयारी त्यातच पूर्ण करायची असते आणि खरं प्रवेशपत्रही त्यानंतर तिथूनच मिळतं. तिला तिथे परीक्षाच दिसेना. ती मला म्हणाली, “आई, काहीतरी चुकतंय.” मी त्याला फोन केला. “उशिराच्या नोंदणीला ॲपमध्ये दिसायला वेळ लागतो,” असं तो म्हणाला, आणि मी मुलीपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवला. याचं वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटतं.

त्या शनिवारपासून त्याने फोन उचललेला नाही. पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, म्हणून बँकेने हात वर केले. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे ऑनलाइन तक्रार केली आहे.

त्याच शनिवारी रात्री आम्ही तिघं टेबलाशी बसलो, पासवर्ड बदलला आणि दोन्ही कॉलेजांच्या ॲडमिशनच्या पानांवर परीक्षेबद्दल काय लिहिलंय ते ओळ न् ओळ वाचलं. दोन्हीकडे स्पष्ट लिहिलं होतं: अर्लीसाठी नोव्हेंबरची एसएटी चालेल, अर्ज मात्र वेळेत हवा. ‘कुणीच घेत नाही’ हे सरळ खोटं होतं. काही कॉलेजं घेतात, काही घेत नाहीत. ज्याचं त्याने आपापल्या कॉलेजच्या पानावरच पाहायचं असतं. शिवाय दोघांपैकी एक टेस्ट-ऑप्शनल निघालं, म्हणजे गुण पाठवायचे की नाही हे आमच्याच हातात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) कॅम्पसांवर तर प्रवेश ठरवताना एसएटी बघतच नाहीत. एवढं आधी वाचलं असतं, तर त्याने घातलेली भीती मनात बसली नसती.

मग ८ नोव्हेंबरची जागा शोधली. जरा लांबच्या केंद्रावर मिळाली. मुलीने स्वतःच्या खात्यातून दहा मिनिटांत नोंदणी केली. एजंटासाठी राखीव सीट असा प्रकारच नाही, नोंदणी विद्यार्थ्याच्याच खात्यातून होते. यावेळी केंद्रावर तिचं नाव पहिल्या फटक्यात सापडलं. निकाल साधारण दोन आठवड्यांत येतो, त्याची वाट पाहतोय.

आता हे लिहायचं कारण म्हणजे काल तोच माणूस दुसऱ्या एका ग्रुपवर दिसला. ‘६ डिसेंबरच्या तीन सीट शिल्लक, जानेवारीच्या मुदतीआधीची शेवटची संधी.’ कुणी त्याला किंवा अशा आणखी कुणाला पैसे दिले असतील, तर पीडीएफवर जाऊ नका. आज रात्रीच मुलाला शेजारी बसवून त्याच्या कॉलेज बोर्ड खात्यात नोंदणी दिसते का पाहा. दिसली नाही तर खुलासे ऐकत बसू नका. हे लिहिलं तेव्हा, नोव्हेंबर २०२५ मध्ये, डिसेंबरची नोंदणी उघडी होती.