कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं जुन्या कॉमिक्सचं दुकान, बॅटमॅन-कॅटवुमनवाल्यांनी जायलाच पायजे

बारकं दुकान आहे, बाहेरनं कळत पण नाही, पण आत बॅटमॅनची जुनी कॉमिक्स लई भारी मिळतात. मी खास कॅटवुमनसाठी जातो. १९४० ला बॅटमॅनच्या पहिल्याच अंकात ही आली, तेव्हा नाव नुसतं 'द कॅट', दागिने चोरणारी, आणि बॅटमॅन एवढा कडक माणूस, तिला पकडतो आन् मुद्दाम पळू देतो, तिथनं जे सुरू झालंय ते ८० वर्षं झाली तरी संपलेलं नाही. दोघंबी तोंड झाकून रात्रीचे फिरणारे, त्यामुळं मुखवट्याच्या आतलं दुखणं एकमेकांनाच कळतं, म्हणून त्यांचं गच्चीवरचं भांडण वाचताना पण काळजात हलतं. जोकर ह्या दुश्मनाबरोबरच्या मारामारीत ते नाही.

मला इथं २०१८ चा बॅटमॅनचा ५० नंबरचा अंक घावला, ह्या दोघांच्या लग्नाचा. ऐनवेळी ती निघून जाते ओ! रंकाळ्यावर बसून वाचला, अर्धा तास कुणाशी बोलू वाटेना.

मालक काका निवांत चाळू देतात, घाई करत नाहीत. फक्त घेताना पानं मोजून घ्या, माझ्या एका अंकात मधली दोन नव्हती, काकांनी लगेच बदलून दिला.